तिसरं बटण

सरांच्या कुठल्याही शर्टाचं वरून तिसरं बटण मूळचं नव्हतं. बाकीची सगळी पांढरी, एकसारखी. तिसरं मात्र कधी तपकिरी, कधी ब्लाउजचं चपटं, तर एका शर्टाला लहान मुलीच्या फ्रॉकचं, बदकाच्या आकाराचं. पहिल्यांदा ते बदक पाहिलं तेव्हा मला सरांची दया आली. दया आली म्हणजे आपल्याला समाजकार्य यायला लागलं, असा त्या वेळी माझा समज होता.

त्या समजाला घरातूनच खतपाणी होतं म्हणायला हरकत नाही. वडिलांचं चौसाळ्याला हायवेला लागून फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळे बॅनर तिथं छापले जातात. गिऱ्हाइकाच्या नावाखाली काय टाकायचं हे ठरत नसलं की वडील आपल्या मनानं 'समाजसेवक' टाकतात, आणि ते खोडा म्हणून आजवर कुणी परत आलेलं नाही. त्यामुळे बी. ए. झाल्यावर मी एमएसडब्ल्यू करतो, दोन वर्षांनी समाजसेवक होतो, असं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावरच्या विभूतीला धक्का न लावता डोकं खाजवलं.

"त्याला दोन वर्सं कावून लागत्यात? फोटो दे, दुपारपर्यंत करून देतो."

तरी मी गेलो. कॉलेजात काही दिवस वर्ग आणि आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर गावोगाव हिंडायचं आणि पाहिलेलं सगळं वहीत लिहायचं. वर्गात शिकवलं होतं की घरी भेट द्यायला गेल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं, मोकळे प्रश्न विचारावेत, ऐकताना मान डोलवावी. मान डोलवायचा सराव मी आरशासमोर आठवडाभर केला. मग मला सरांच्या हाताखाली दिलं. वर्षाच्या शेवटी अहवालावर त्यांची सही मिळाली तर पास, नाहीतर पुन्हा तेच वर्ष.

सर पन्नाशी ओलांडलेले, बुटके, पोट थोडं पुढं आणि शर्ट कडक इस्त्रीचा. पहिल्या दिवशी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून तेलगावला गेलो. गाव अर्ध्या किलोमीटरवर राहिलं तेव्हा त्यांनी कापसाच्या एका रानाशेजारी गाडी थांबवली, मागं-पुढं पाहिलं, तिसरं बटण चिमटीत धरलं आणि तटकन ओढून तोडलं. ते चुन्याच्या रिकाम्या डबीत टाकलं, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "हं, चल आता."

मी घाबरलो होतो. वेडसर माणसाशी कसं वागायचं हा धडा दुसऱ्या वर्षाला होता.

त्या घरातल्या माणसाला टीबी होता आणि त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. का बंद केल्या हे त्याची बायको कुणालाच सांगत नव्हती. माझ्या वहीत मोकळे प्रश्न तयार होते. सर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, सुई-दोरा अन् एकादं बटन हाय का? माजं तुटून पडलंय, पुढं मोठ्या लोकांत जायचंय."

आता आमच्याकडं अंगावरचं कापड अंगावर शिवत नाहीत. तेव्हा सरांनी शर्ट काढून दिला आणि ते बनियनवर खाली मांडी घालून बसले. बनियनवर बसलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला कुणी साहेब समजत नाही. बाईची मान शिवणात, हाताला काम, डोळ्यांत बघणारं कुणी नाही. पहिला टाका झाला तसं ती आपणहून बोलायला लागली. गोळ्या चालू केल्यापासून नवऱ्याला लघवी लाल व्हायची, त्याला वाटलं रक्त चाललंय, आता आपण काही वाचत नाही. लाजेनं बोलला नाही, गोळ्या मात्र गुपचूप उकिरड्यावर टाकायला लागला. गाठ मारून तिनं दातानं दोरा तोडला तोवर सगळं बाहेर आलं होतं. सरांनी शर्ट घालता घालता सांगितलं की त्या गोळ्यांचा रंगच तसा उतरतो, रक्त नव्हे. आणि बटण फार झ्याक बसलंय म्हणून तिचं कौतुक केलं.

मी एवढ्या वेळात एकदाही मान डोलवली नव्हती.

परतताना म्हणाले, "काय बे, काय शिकला?" मी म्हणालो, प्रश्न विचारायचे नाहीत. ते म्हणाले, "विचारायचं न्हाई, मागायचं. लोकाला आपण सारखं देत राह्यलो तर लोक दबतंय. त्याच्याकडनं कायतरी घेतलं की सरळ बसतंय." या विषयावर कॉलेजात जाडजूड पुस्तक होतं. त्यात बटणाचा उल्लेख नव्हता.

नोंदी ते कधीच लिहायचे नाहीत. त्यांचे शर्ट हेच त्यांचं दप्तर. गोधडीच्या जाड दोऱ्यानं शिवलेलं बटण तेलगावचं, बदक घाटनांदूरच्या एका विधवा बाईचं, काळ्या दोऱ्यानं उलट्या बाजूनं लावलेलं एका दारू सोडलेल्या शिंप्याचं. तो शिंपी शिवायचा थांबला होता, त्या बटणापासून पुन्हा बसला. संस्थेत कुणी एखाद्या केसची माहिती विचारली की सर घरी फोन लावून बायकोला कपाट उघडायला सांगत.

बटण नसलं तर बाकीच्या अडचणी होत्याच. त्यांची मोटरसायकल चांगली चालायची, पण गावात शिरली की ते ती मुद्दाम बंद पाडत, म्हणजे ढकलायला चार माणसं गोळा होतात. आणि मी लागलो तशी त्यांना एक नवीन अडचण मिळाली. ती अडचण म्हणजे मी. "हा माजा विद्यार्थी," ते प्रत्येक घरात सांगत, "पोरगं चांगलंय, पर याचं लग्नच जमंना." मी तेवीस वर्षांचा होतो आणि लग्न जमवायचा कुणी प्रयत्नही केलेला नव्हता. पण घरातल्या म्हाताऱ्या एकदम पुढं सरकत, मला आपादमस्तक न्याहाळत आणि गोत्रापासून सुरुवात करत. दोन महिन्यांत चौसाळ्याच्या दुकानात पाच बायोडाटा पोचले. तेलगावचे एक गृहस्थ मुलीचा फोटो घेऊन आले आणि जाताना स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनरही सांगून गेले, खाली 'समाजसेवक'. वडिलांनी मला फोन करून विचारलं की तू तिथं नेमकं शिकतोस काय.

सगळ्याच गावांना हे पचलं असं नाही. एका सरपंचांनी संस्थेत फोन केला की तुमचा माणूस लई हालात दिसतो, अंगात धड शर्ट नसतो, गाडी सुरू होत नाही, त्याला पगार देता का न्हाई? नुसता फोन करून ते थांबले नाहीत. ग्रामसभेत विषय घेऊन गावच्या निराधारांच्या यादीत सरांचं नाव घालायचं ठरवून टाकलं. संचालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. संस्थेची अब्रू गेली म्हणून आवाज बाहेरपर्यंत येत होता. मग आवाज थांबला. अर्ध्या तासानं सर बाहेर आले ते बनियनवर. संचालक आत त्यांच्या शर्टावरचा शाईचा डाग लिंबानं घासत होते आणि घासता घासता, मुलगा पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही, हे सांगत होते.

एवढं सगळं मी वहीत लिहीत होतो आणि मनातून मला वाटत होतं की हे जमायला अक्कल कशाला लागते, बटण तर कुणीही तोडेल. मग चाचीची केस आली.

चाची घाटनांदूरची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर जायची. गावातल्या तीन पिढ्यांच्या बायकांच्या हातांची मापं तिला तोंडपाठ होती. हात नुसता दाबून सांगायची, सव्वादोन की अडीच. माणूस एकटं, कुणाचं एक पैशाचं घेणार नाही. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते ती कबूल करत नव्हती. एका लग्नघरी तिनं नवरीच्या उजव्या हातात हिरवा चुडा भरला आणि डाव्या हातात निळा. नवरीच्या आत्यानं आकाशपाताळ एक केलं, अपशकुन केला म्हणाली. चाची म्हणाली, माल मिक्स आलता. त्या दिवसापासून गावानं तिला बोलावणं बंद केलं. डोळे गेले असते तर तिचं कामच गेलं असतं, आणि कामाशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. अंबाजोगाईला डोळ्यांचं शिबिर दोन आठवड्यांवर होतं, ऑपरेशन फुकट.

मी सरांना न विचारता आधी एकटाच गेलतो. फॉर्म घेऊन. तिच्यासमोर बसलो, डोळ्यांत पाहिलं, मान डोलवली आणि विचारलं की चाची, दिसण्याबाबत तुमचा अनुभव कसा आहे? तिनं माझा हात धरून दाबला. "सव्वादोन," म्हणाली, "पोरीवानी हात हाय तुजा." आपल्याला चांगलं दिसतं, हे दाखवायला तिनं माझा शर्ट निळा आहे असंही सांगितलं. शर्ट पिवळा होता. मग तिनं मला चहा पाजून घालवून दिलं. मी वहीत लिहिलं, 'लाभार्थी नकाराच्या अवस्थेत आहे.' सरांनी ते वाचलं आणि विचारलं, "तू नसता का?"

दुसऱ्या खेपेला सर आले. वेशीबाहेर बटण तोडलं, चाचीच्या दारात जाऊन सुई-दोरा मागितला, शर्ट काढून बनियनवर बसले. सगळं रोजच्यासारखं. चाचीनं डबा उघडून सुई काढली, दोऱ्याला थुंकी लावली आणि ओवायला लागली. दोरा सुईच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून गेला. पुन्हा थुंकी, पुन्हा डावीकडून. उंबऱ्यावरच्या उजेडात जाऊन पाहिलं. बराच वेळ ती तशीच उभी होती, पाठमोरी.

"सुई खराब हाय," ती म्हणाली.

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जे मागून ते लोकांना सरळ बसवायचे, तेच मागून त्यांनी तिला आमच्यासमोर खाली बघायला लावलं होतं. मी दोरा ओवून द्यायला उठलो तर त्यांनी माझी पँट धरून मला खाली बसवलं. आणि मग, बनियनवरच, ते आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले.

म्हणाले, बटन राहू द्या चाची, माझी अडचण वेगळीच आहे. मला मोतीबिंदू सांगितलाय. अंबाजोगाईला ऑपरेशन आहे आणि सोबतीला कुणी नाही. चाची वळली. बायको कुठं आहे, म्हणाली. माहेरी गेली, सर म्हणाले. कधी गेली? सर गडबडले आणि बोलून गेले, "बारा वर्सं झाली."

चाचीनं घडी घालायला म्हणून त्यांचा शर्ट हातात घेतला, त्यावरून हात फिरवला आणि परत दिला. "येते मी," म्हणाली.

शिबिराच्या दिवशी ती डबा, सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन स्टँडवर हजर होती. येताच तिनं सरांचा हात धरला तो सोडलाच नाही. तिला नीट दिसत नव्हतं, आणि सरांना दिसत असून न दिसल्यासारखं करायचं होतं. मी मागं सामान घेऊन, आणि मला तोंड उघडायची बंदी. त्या दोघांनी मिळून आधी चुकीची एसटी धरली, ती मी कंडक्टरला खुणा करून थांबवली. अंबाजोगाईला उतरल्यावर चाचीनं सरांना सांभाळत सांभाळत थेट रसवंतीत नेऊन बसवलं आणि डॉक्टर कुठंयत म्हणून रसवाल्याला विचारलं. पुढं रस्त्यात एक गाय बसली होती. चाचीला ती दिसली नाही, सरांना ती दिसलेली चालत नव्हती, तेव्हा दोघंही हातात हात घालून तिच्यावर जाऊन आदळले. "बघून चाल की," चाची त्यांना म्हणाली.

शिबिरात तिनं पहिल्यांदा सरांना डॉक्टरांपुढं बसवलं. सर माझ्याकडं बघून डोळा मिचकावत बसले. डॉक्टरांनी बॅटरी मारली, यंत्रातून पाहिलं, मग चाचीलाही लगेच बसवून घेतलं आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले की यांचे दोन्ही डोळे, एकेक करून. आणि तुमचा उजवा.

"माजा?" सर म्हणाले. "मी तर सोबत आलोय."

डॉक्टर म्हणाले की त्या म्हणतात सोबत त्या आल्यात. कुणीही कुणाच्याही सोबत या, मोतीबिंदू आहे.

मी वळून पाहिलं तर सर नव्हते. संडासात नव्हते, पाण्याच्या टाकीपाशी नव्हते. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना सुईच्या नादानं बोलतं करणारा माणूस सुईला एवढा भीत असेल हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. चाचीनं माझा दंड धरला आणि आम्ही दोघं शोधत निघालो. ते रसवंतीच्या मागं, उसाच्या चिपाडांच्या ढिगाआड बसलेले सापडले. आम्हाला बघताच त्यांचं सगळं अवसान गळालं.

म्हणाले, "चाची, खरं सांगतो. मी नाटक केलतं. तुमाला इथं आणायचं म्हणून. बायको घरी हाय, पोरं हायत, सून हाय. मला कायबी झालेलं न्हाई. मला जाऊ द्या."

झालं. समोर स्टँडवर घाटनांदूरची गाडी लागलेली होती. जिनं जन्मात कुणाचे उपकार घेतले नाहीत त्या बाईला आम्ही फसवून आणलं, आणि आता ती त्या गाडीत बसणार, याबद्दल मला शंका उरली नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि सरांचा रागही आला.

चाची चिपाडांवर टेकली. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "बारा वर्सं बायको माहेरी हाय म्हणं, अन् शर्टाला आशी कडक इस्त्री. हाताला लागली न्हाई व्हय?"

"मग आलात कावून?" सरांनी विचारलं.

"एवढा शिकलेला माणूस माज्या दारात बनियनवर बसून खोटं बोलतोय. म्हणलं लई नड आसंल. रिकामं कसं पाठवू?"

सर हातातलं चिपाड मोडत बसले. चाची गुडघ्यांवर हात टेकून उठली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चल. आधी मी जाती. मी आले भाईर तर तू जा. न्हाई आले तर पळ."

ती बाहेर आली. मग सर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं नाही, तिच्याकडं पाहिलं, आणि ती डोळ्याला पट्टी लावून, तिला काहीही धड दिसत नसताना, मान डोलवत होती. मान कशी डोलवायची ते मला त्या दिवशी कळलं.

महिना-दीड महिन्यानं, तिचा दुसरा डोळाही होऊन दोघांना नवे चष्मे लागल्यावर, आम्ही घाटनांदूरला गेलो. सरांनी वेशीबाहेर गाडी थांबवली. बटणाला हात घातला आणि थांबले. "नको," म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "तोडतोच." चाचीच्या दारात त्यांनी सुई-दोरा मागितला. चाचीनं दोऱ्याला थुंकी लावली आणि एका झटक्यात ओवला. पहिल्याच वेळी. सर बनियनवर बसून चष्मा पुसत राहिले, औषधाचे थेंब अजून झोंबतात म्हणाले. थेंब बंद होऊन आठवडा झाला होता. मला तर सरळ रडूच आलं. चाची मात्र शर्ट उलटसुलट करून बघत होती, आणि हा शर्ट आहे का गोधडी, एका बटणाच्या जागी इतक्या रंगांचे दोरे, असं तिनं विचारलं.

अहवालात एक रकाना होता, लाभार्थीचं नाव. त्यात कुणाचं लिहू हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "कोरा ठेव." त्याच्याखाली त्यांनी सही केली आणि मी पास झालो. वडिलांनी चौकात माझा बॅनर लावला. नावाखाली 'समाजसेवक' लिहिलं होतं. ते खोडा म्हणणारा मी त्यांचं पहिलं गिऱ्हाईक.

पण चाचीच्या हिशेबी केस संपलीच नव्हती. सरांनी तिलाही सांगितलं होतं ना, पोराचं लग्न जमत नाही म्हणून. ती टोपली घेऊन पुन्हा घरोघर जायला लागली, म्हणजे जी घरं बोलावत होती त्या घरांत, आणि प्रत्येक हात दाबताना माझा विषय काढायला लागली. वर्ष सरायच्या आत तिनं पोरगी शोधली. माप सव्वादोन, तुझ्याएवढंच, म्हणाली. आता घाटनांदूरला घरं काय कमी आहेत? पण पोरगी निघाली नेमकी त्याच घरातली, त्या निळ्या-हिरव्या नवरीची धाकटी बहीण.

हळदीच्या दिवशी चुडा भरायला कुणाला बोलवायचं, यावरून त्या घरात बरीच कुजबुज झाली. शेवटी नवरी म्हणाली, जिनं जमवलं तिलाच. मी रीतीप्रमाणे तिथं नसायला पाहिजे होतं, पण सर अंगणात आले होते आणि त्यांना बघायला म्हणून मी आलो. ते बनियनवर बसले होते, समोर एक मावशी सुई घेऊन. आत चाचीनं नवरीचे दोन्ही हात भरले आणि टोपलीवर फडकं टाकलं. तेवढ्यात आत्या उठली. नवरीचे हात धरून तिला दारातल्या उजेडात आणलं. उजवा हात वर केला, मग डावा, मग दोन्ही शेजारी धरून बघत राहिली.

दोन्ही हात हिरवे होते.

आत्या आत गेली, चाचीसमोर खाली बसली आणि पदर सारून आपले दोन्ही हात तिच्यापुढं केले.